भुतांची फेरी, साताऱ्यात: एक प्रकरण अभ्यास

साताऱ्यात रात्रीची भुतांची फेरी काढायची ही कल्पना आली स्कॉटलंडमधल्या एडिंबरातून. तिकडे हॉटेल व्यवस्थापन शिकायला गेलेली एक सातारकर मुलगी परतली, तेव्हा ग्रासमार्केट तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ग्रासमार्केट म्हणजे एडिंबराच्या किल्ल्याच्या खडकाखालचा जुना बाजार. सतराव्या-अठराव्या शतकांत इथे भर चौकात फाशी दिली जायची. शेवटची फाशी १७८४ सालची. आज त्याच चौकाच्या कडेनं पब आहेत. एकाचं नाव 'द लास्ट ड्रॉप'. दुसऱ्यावर मॅगी डिक्सनचं नाव आहे. तिला १७२४ साली इथे फासावर चढवलं, मेली म्हणून शवपेटीत घालून गावाकडे न्यायला काढलं, आणि वाटेत पेटीतून धडपड ऐकू आली. मॅगी पुढे बरीच वर्षं जगली. संध्याकाळ झाली की गाइड पंधरा-वीस माणसं गोळा करतो आणि एका पबमध्ये एक गोष्ट, पुढच्या पबमध्ये दुसरी, असं करत त्यांना गावातून फिरवतो. इंग्लंडात यॉर्कची भुतांची फेरी तर १९७३ पासून चालू आहे. ती ऊझ नदीकाठच्या 'किंग्ज आर्म्स' पबपासून निघते. नदीला पूर आला की हा पब बुडतो, आणि पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा आत लावून ठेवल्या आहेत.

वर किल्ला, खाली बाजार आणि मधल्या गल्ल्यांत मेलेल्यांच्या गोष्टी. सातारकराला यात परकं काही नाही. अजिंक्यतारा आपल्या डोक्यावर उभाच आहे.

त्या मुलीने दोघांना सोबत घेतलं. एक पेढेवाल्यांचा मुलगा, दुकान सांभाळणारा. दुसरा सह्याद्रीत ट्रेक नेणारा, बोलण्यात पटाईत असा तरुण. मी जुने मोडी कागद वाचतो, म्हणून मजकूर तपासायला मला बोलावलं. पुढे जे झालं ते मी जवळून पाहिलं. वाई, मिरज, सांगली, कुठल्याही जुन्या गावात अशी फेरी काढू पाहणाऱ्यांच्या कामी यावं म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. माणसांची, घरांची आणि त्या एका पेठेची ओळख मात्र मुद्दाम दिलेली नाही.

पबच्या जागी काय

दारूचा प्रश्न पहिल्याच बैठकीत निकालात निघाला. साताऱ्यात जुने ऐतिहासिक पब नाहीत. आहेत त्या परमिट रूम, आणि तिथे आजीला किंवा शाळकरी नातीला घेऊन कोणी गोष्ट ऐकायला बसणार नाही. राज्याच्या कायद्याने कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे, म्हणजे कॉलेजची पोरंही बाद. शिवाय हा तो जिल्हा आहे जिथे गावोगावच्या बायकांनी दारूबंदीच्या मतदानात 'आडव्या बाटली'वर शिक्का मारून दुकानं बंद पाडली, आणि हे ते शहर आहे जिथे 'परिवर्तन'सारखी संस्था व्यसनमुक्तीचं काम करत आली. दारू नको, यावर तिघांचं एकमत होतं.

पण पब काढून टाकला की त्याच्याबरोबर काय काय जातं, हे नीट पाहिलं पाहिजे. पब म्हणजे छप्पर, बाक, दिवा, स्वच्छतागृह. पाय मोकळे करून पाच मिनिटं टेकण्याची जागा. फेरीत आलेल्या प्रत्येकाने काहीतरी घेतलं की मालकाच्या गल्ल्यात चार पैसे पडतात, म्हणून तो गाइडचं हसून स्वागत करतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की पबचं भूत हे मालकाच्या मर्जीचं भूत असतं. तो ते स्वतः भिंतीवर लिहून लावतो, त्याच्यावर धंदा करतो. ती कुणाची झोपायची खोली नसते. या शेवटच्या मुद्द्यावर पुढचं सगळं प्रकरण उभं आहे, आणि पहिला आराखडा करताना नेमका तोच सुटला.

बाकीच्या सोयींना पर्याय सापडले. राजवाड्याजवळचं एक जुनं चहाचं हॉटेल रात्री उशिरापर्यंत उघडं राहायला तयार झालं. पेढ्यांच्या दुकानामागची भट्टी बघायला मिळेल असं ठरलं. तिथे कढईत खवा तांबूस होईपर्यंत परततात, आणि तो वासच माणसाला थांबवतो. एका देवळाचा पार मिळाला. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक वापरायला बंदी असते, म्हणून माईक घ्यायचाच नाही आणि आवाज पोचेल इतकीच माणसं घ्यायची, हेही ठरलं. हा निर्णय उत्तम होता. भुताची गोष्ट स्पीकरवरून सांगितली की तिची मजा जाते.

पहिला मार्ग आणि दार उघडणाऱ्या आजी

पहिल्या मार्गात इतिहासाचे थांबे होते आणि ऐकीव भुतांचेही. ऐकीव गोष्टी ट्रेकवाल्याने जमवल्या होत्या. पिंपळावरचा मुंजा, तळ्यातला गिऱ्हा, आणि एका पेठेतल्या वाड्याच्या आडावर बसणारी बाई. ही तिसरी गोष्ट त्या भागात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. अमावास्येला आडाच्या काठावर पांढऱ्या पातळातली बाई मोकळे केस विंचरत बसते, आणि तिने हाक मारली तर ओ द्यायची नसते.

चाचणीच्या फेरीसाठी मित्र आणि नातेवाईक बोलावले होते. अमावास्येच्या आदली रात्र मुद्दाम निवडली होती. वाड्याच्या बंद दिंडी दरवाजापुढे सगळे गोळा झाले आणि ट्रेकवाल्याने गोष्ट रंगवून सांगितली. तो खरंच छान सांगतो. एक मुलगी किंचाळली, तिच्यावर बाकीचे हसले, कुणीतरी मोबाइलचा उजेड दरवाजावर मारला. आणि दिंडीचा अडसर आतून सरकला.

आत वृद्ध बाई उभ्या होत्या. वाडा रिकामा आहे असं सगळे धरून चालले होते, पण मागच्या सोप्यात त्यांचं कुटुंब राहतं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी ट्रेकवाल्याला एवढंच विचारलं, "कुणाची गोष्ट सांगतोयस बाळा?"

तो गप्प. मग त्यांनीच सांगितलं. "माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण ती. मी काही पाहिलं नाही त्यांना. पण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सर्वपित्रीला त्यांच्या नावचं पान मीच वाढते. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. पुढचं त्या आडाला ठाऊक." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि केस कसले विंचरतील रे त्या? केस ठेवले होते का त्यांचे कुणी?"

त्या गल्लीत नंतर कुणी बोललं नाही. फेरी तिथेच मोडली.

आजींच्या या शेवटच्या वाक्याजवळ मी थोडा थांबणार आहे, कारण अभ्यासाचा गाभा इथेच आहे. चौदाव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीचं केशवपन केलेलं. तिला लाल किंवा पांढऱ्या आलवणात घराच्या मागच्या भागात ठेवलेलं. ती गेल्यावर गल्लीने तिला भूत केलं, आणि भूत करताना तिच्या डोक्यावर मोकळे, लांब केस परत लावले. पुढच्या पिढ्यांना ती आठवते ती केस विंचरणारी बाई म्हणून. तिच्यावर जे झालं तेवढंच गोष्टीतून अलगद गळून गेलं. केशवपनाविरुद्ध आयुष्यभर लिहिणारे गोपाळ गणेश आगरकर याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या टेंभूचे. त्यांचा जन्म १८५६ सालचा, आणि विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदाही त्याच वर्षीचा. कायदा झाला, आगरकर लिहून गेले, १८९० च्या सुमारास मुंबईत न्हाव्यांनी विधवांचे केस कापायला नकार दिला, आणि तरीही विसाव्या शतकातल्या साताऱ्यातल्या एका मुलीपर्यंत यातलं काही पोचलं नाही. ही खरी गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो. तिला अमावास्येची गरज नाही.

बैठक

दुसऱ्या दिवशी तिघे भांडले. ट्रेकवाल्याचं म्हणणं होतं की वाडा बदलू, गोष्ट ठेवू. ती पिढ्यान् पिढ्या सगळं गाव सांगतंय, आपण काही नवीन केलेलं नाही. पेढेवाल्यांच्या मुलाला आजींकडे जाऊन पाया पडून विषय संपवायचा होता. तो गेलाही. त्यांनी त्याला चहा दिला आणि गोष्ट सांगू नका असं स्पष्ट सांगितलं. मुलीला फेरीच बंद करायची होती.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आपणहून बोलवावं, असं मी सुचवलं. साताऱ्यात भुतांचा कार्यक्रम करायचा आणि हे टाळायचं, हे शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथले. १९४५ साली जन्म साताऱ्यात, पेशाने डॉक्टर, कबड्डीचे नामवंत खेळाडू, १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो वटहुकूम म्हणून त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, भूत-पिशाच्चाचं आवाहन करून लोकांत घबराट पसरवणं, अशा गोष्टींना त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. गोष्ट सांगणं हा त्यात गुन्हा नाही. तिघांना ही भीती होती, ती पहिल्या दहा मिनिटांत गेली.

बोलावलेले कार्यकर्ते गृहस्थ मात्र कायदा सांगायला आले नव्हते. त्यांनी तिघांचा मजकूर शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला. "तुमची फेरी ऐकून घरी गेलेल्या एखाद्याला महिन्याभरात वाटलं की आपल्या बायकोला त्या पिंपळावरचं काही 'धरलंय', आणि त्याने तिला मांत्रिकाकडे नेली, तर तुम्ही त्या बाईला काय सांगाल?" कुणाकडे उत्तर नव्हतं. ते पुढे म्हणाले की भुताची गोष्ट त्यांनाही आवडते, लहानपणी त्यांनी भरपूर ऐकली आहे. अट एवढीच, की ऐकणारा घरी जाताना भूत घेऊन जाऊ नये, मेलेल्या माणसाबद्दल काहीतरी समजून जावा.

आजींचा प्रश्न आणि या गृहस्थांचा प्रश्न वेगवेगळ्या दिशेने आले आणि एकाच जागी पोचले, असं माझं मत आहे. भूत खरं की खोटं यावर तिघे फार वेळ घालवत होते. आजींना तो प्रश्नच नव्हता. त्यांच्या लेखी भूत नव्हतं, आत्याबाई होत्या. भूत कुणाचं, हा प्रश्न आधी विचारला की बाकीचे निर्णय सोपे होतात. म्हणून मी एक नियम मांडला, तो जरा वादानंतर स्वीकारला गेला. ज्याच्या मागे रडणारं कुणी आहे, त्याची गोष्ट त्या माणसाला विचारल्याशिवाय सांगायची नाही. 'नको' म्हटलं तर ते कायमचं.

पब आणि वाडा यांतला फरक इथे कामी येतो. ग्रासमार्केटमध्ये मॅगी डिक्सनच्या नावाने पाटी लावली तर दुखावणारं आज कुणी उरलं नाही. आपल्या पेठांत ज्या घरातल्या मृत्यूची गोष्ट सांगतो त्या घरात त्याच माणसाच्या नावाने अजून पान वाढलं जातं. मार्ग तिकडून घेतला तरी चालेल, परवानगीची रीत इथली हवी.

मुंजा कुणाचा नसतो

मग ऐकीव भुतं सगळी काढून टाकायची का? मुलीचा कल तिकडे होता. मी विरोध केला. मराठी भुतांची नावं एकदा ओळीने घ्या. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अलवंतीण. पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. मागे मूल नसलेला किंवा वासना अडकून राहिलेला तो समंध. आपल्या पूर्वजांनी भुतांची वर्गवारी केली ती दिसण्यावरून केली नाही, मरण्यावरून केली. कुठलं मरण त्यांना अकाली, अपुरं, अन्यायाचं वाटत होतं याची ती यादी आहे. गावोगाव अलवंतिणीच्या गोष्टी एवढ्या का आहेत, तर बाळंतपणात बायका एवढ्या मरत होत्या. हे पाराखाली बसून सांगितलं, तर कुणाच्याही घराला धक्का लागत नाही आणि ऐकणारा थरारतोही. म्हणून पिंपळाच्या पारावरचा थांबा राहिला. तिथे कुठल्याही विशिष्ट मुलाचं नाव घ्यायचं नाही, एवढं ठरलं.

दिवा वर, दिवा खाली

पुढची युक्ती पेढेवाल्यांच्या मुलाची, आणि माझ्या मते या फेरीतली सगळ्यांत चांगली. गाइडच्या हातात कंदील असतो. लोक सांगतात ते सांगताना कंदील खाली, पायाशी. नोंदलेलं आहे ते सांगताना कंदील वर, चेहऱ्याजवळ. हे सुरुवातीलाच एकदा समजावून सांगायचं, पुन्हा नाही. चौथ्या थांब्यापर्यंत लोक स्वतःच कंदिलाकडे बघायला लागतात. आठ-नऊ वर्षांची मुलं तर मोठ्यांना दटावतात, "दिवा खाली आहे, ती ऐकीव आहे."

नवा मार्ग गोलबागेपासून निघतो. पहिला थांबा किल्ल्याचा, पण किल्ल्यावर न जाता. अंधारात अजिंक्यताऱ्याची काळी धार दिसते आणि गाइड १७०० सालचा एप्रिल सांगतो. डिसेंबर १६९९ पासून औरंगजेबाचा वेढा पडलेला, स्वतः बादशहाचा तळ करंजेच्या बाजूला, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. पहिला उडाला तो आत कोसळला आणि किल्ल्यातले कितीतरी लोक गाडले गेले. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत बाहेर काढले गेले. दुसरा सुरुंग उलटा फुटला. तटाचा मोठा भाग बाहेरच्या बाजूला, हल्ल्याला तयार उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच पडला. मोगल इतिहासकार खाफीखानाने पुढचं लिहून ठेवलं आहे. मेलेल्यांची प्रेतं काढता येईनात, तेव्हा बादशहाच्याच फौजेतल्या हिंदू पायदळाने रात्री मोर्चाच्या लाकडी बांधकामाला आग लावून दिली. आग आठवडाभर जळत होती.

इथपर्यंत कंदील वर असतो. मग तो खाली येतो. किल्ल्याच्या उतारावर रात्री मशाली दिसतात, वेताळाची पालखी निघते, असं जुनी माणसं सांगत. एवढं बोलून गाइड गप्प बसतो. दोन्ही गोष्टी जोडून दाखवायच्या नाहीत, असं मी बजावलं होतं. एकामुळे दुसरी झाली याला पुरावा नाही. ऐकणारा मनात काय जोडायचं ते जोडतो. चाचणीच्या वेळी या थांब्यावर सगळ्यांत जास्त शांतता होती. मुलगी इथे मॅगी डिक्सनची आठवण काढते. फासावरून उतरून जगलेली ती आणि ढिगाऱ्यातून उठलेले प्रयागजी, हे नातं पाहुण्यांना चटकन भिडतं.

राजवाड्याचा थांबा छोटा आहे. शाहू महाराजांनी १७०८ साली साताऱ्यात राज्याभिषेक करवून घेतला आणि सातारा मराठ्यांची राजधानी झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. वाड्यात पुढे भरलेल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं, हेही सांगतात. भुताशी संबंध नसला तरी हे सांगितल्याशिवाय त्या भिंतीपुढून जाऊ नये, यावर कार्यकर्ते गृहस्थ ठाम होते, आणि मला ते पटलं.

खरा वेळ जातो प्रतापसिंह महाराज आणि रंगो बापूजी गुप्ते यांच्यावर. सप्टेंबर १८३९ मध्ये कंपनी सरकारने महाराजांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं. १८४७ साली ते तिथेच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेला गेले आणि सुमारे चौदा वर्षं लंडनमध्ये अर्ज, निवेदनं, सभा करत राहिले. इकडे १८४८ मध्ये गादीवरचे शहाजी उर्फ आप्पासाहेब निपुत्रिक गेले, त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं. रंगो बापूजी हात हलवत परतले, आणि सत्तावनच्या उठावाच्या तयारीत उतरले. कट फुटला. ते निसटले ते कायमचेच. इंग्रजांनी शोधलं, ते सापडले नाहीत. त्यांची समाधी नाही, मृत्यूची तारीख नाही. साताऱ्याला भूत हवंच असेल तर माझ्या मते हे आहे. चौदा वर्षं परक्या राजधानीत न्याय मागत फिरलेला आणि शेवटी आपल्याच मुलखात दिसेनासा झालेला माणूस.

आणि मग गेंडामाळ. ८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी इथे याच कटातल्या सतरा जणांना मारलं. पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिलं, सहा जणांना गोळ्या घातल्या. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. या थांब्यावर गोष्ट नाही. कंदील वर धरून गाइड आकडे सांगतो, सीतारामाचं नाव घेतो आणि थांबतो. ट्रेकवाल्याने इथे तोफेच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावायचं सुचवलं होतं. ते मी होऊ दिलं नाही. ज्या ठिकाणी माणसाच्या चिंधड्या उडवल्या तिथे आवाजाचा खेळ करायचा नसतो. ग्रासमार्केटमध्ये जिथे फाशीचा खांब होता तिथे दगडी स्मारक आहे आणि शेजारी पबची टेबलं मांडलेली असतात. तिकडे दोन्ही एकत्र नांदतात. गेंडामाळाला ती टेबलं शोभणार नाहीत, आणि हा फरक आपण जपायला हवा.

परत येताना भट्टीवर थांबा, गरम पेढा, चहा. इथे लोक आपापल्या गोष्टी सांगायला लागतात. प्रत्येकाच्या आत्याकडे, मामाच्या गावी काहीतरी असतंच. गाइडने त्या ऐकायच्या, लिहून घ्यायच्या नाहीत. कुणी फारच घाबरलेलं वाटलं, किंवा घरातल्या कुणाला 'लागलंय' असं बोललं, तर डॉक्टरांकडे जायला सांगायचं आणि कुठे जायचं तेही सांगायचं. कार्यकर्ते गृहस्थांच्या प्रश्नाला मिळालेलं हे उत्तर आहे. अपुरं असेल, पण निदान ठरवून दिलेलं आहे. अशी वेळ एकदा आली. एक बाई सगळे निघाल्यावर मागे राहिल्या आणि सुनेच्या अंगात येतं म्हणून काय करावं असं विचारू लागल्या. मुलगी त्यांच्याजवळ बसली. मानसोपचार हा शब्द त्या रात्री फेरीत पहिल्यांदा उच्चारला गेला.

आजची स्थिती

ट्रेकवाला वेगळा झाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कंदील वर-खाली करून, परवानग्या घेत बसून, पोरं घाबरत नाहीत, आणि न घाबरलेली पोरं पुन्हा पैसे देऊन येत नाहीत. तो आता गावाबाहेर, शेतातल्या एका घरात, मुखवटे आणि दोऱ्या लावून भीतीचा कार्यक्रम करतो. त्याला गर्दी जास्त असते. जाताना त्याने एक शब्द दिला होता, त्या वाड्याची गोष्ट तो कुठेही सांगणार नाही. अजून तरी त्याने तो पाळला आहे.

राहिलेल्या दोघांची फेरी तोट्यात नाही, नफ्यातही नाही. गाइडचं मानधन आणि हॉटेलवाल्याचा चहा सुटतो. पेढ्याच्या दुकानाला थोडा फायदा होतो, आणि खरं सांगायचं तर त्याच आधारावर फेरी चालली आहे. ओसरीवर बसू देणाऱ्या एका कुटुंबाला दर फेरीमागे ठरलेली रक्कम मिळते. त्या घराविषयी काहीच सांगितलं जात नाही. लोक नुसते टेकतात, पाणी पितात. आजींच्या वाड्यापुढून फेरी जात नाही. गाइडला सूचना आहे की कुणी बोट दाखवून विचारलं तर 'तिकडे घर आहे' एवढंच म्हणायचं.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर फेरी बंद असते, आणि गेंडामाळाचा दिवस नेमका ८ सप्टेंबर. त्या दिवशी सकाळी छत्र्या घेऊन एकच फेरी काढावी, पैसे न घेता, असा पेढेवाल्यांच्या मुलाचा आग्रह आहे.

माहुलीची फेरी मात्र अडली आहे. कृष्णा-वेण्णेचा संगम शहरापासून पाचेक किलोमीटरवर, रात्री चालत नेणं बरं नव्हे, म्हणून ती सकाळची ठरली. तिथे शाहू महाराजांची समाधी आहे, त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची आहे. वाघाच्या तोंडून त्याने महाराजांना वाचवलं ही गोष्ट कंदील खाली ठेवून सांगायची, आणि मुलांना ती फार आवडेल. अडचण सकवारबाईंची आहे. डिसेंबर १७४९ मध्ये महाराज गेल्यावर राणी सकवारबाई इथे सती गेल्या. पेशव्यांच्या डावपेचांमुळे त्यांच्यापुढे दुसरी वाट उरली नव्हती, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ लिहितो. सगळ्या इतिहासकारांना ते मान्य नाही. म्हणजे कंदील वर धरायचा की खाली, यावरच दोघांत मतभेद आहेत. मुलगी म्हणते, सती गेल्या हे वर धरून सांगू, का गेल्या हे दोन्ही मतं देऊन सांगू, आणि तो थांबा सांगायला गाइड बाईच असली पाहिजे. तशी गाइड अजून मिळालेली नाही. दोघीजणी शिकायला येत आहेत. त्यातली एक कॉलेजात इतिहास घेऊन शिकते आहे, दुसरी भट्टीवर काम करते, आणि तिचा आवाज पारावरच्या शेवटच्या माणसापर्यंत सहज पोचतो.